काचेची रबरी पट्टी घरीच बदलावी का? अकरा वर्षांची गाडी आणि नागपूरचं ऊन

खामलेकर । १८ मे, रात्री १०:१५

मंडळी, एक घरगुती प्रश्न. गाडी २०१३ ची हॅचबॅक, एमएच ३१. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की 'ही कंपनी चांगली की ती' यावर चाळीस प्रतिसाद पडतात आणि माझी पट्टी राहते तशीच.

दुखणं असं आहे. ड्रायव्हरच्या आणि त्याच्या मागच्या दाराला, काच जिथून दारात उतरते तिथे बाहेरून जी काळी रबरी पट्टी असते ती पार गेली. पांढरी पडली, चिरा गेल्या, काचेला टेकणारा ओठ वाकडा झाला. आरशाकडच्या टोकाला तर पट्टी इतकी आखडली की करंगळी जाईल एवढी फट पडली. काच खाली करताना खर्रर्र आवाज येतो आणि काचेवर उभे ओरखडे दिसून राहिले. डाव्या बाजूच्या दोन्ही पट्ट्या मात्र ठणठणीत. हे कोडं काही सुटलं नाही.

आणखी एक. पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा आठवडाभरापासून ओला लागतो. पट्ट्या गेल्यामुळेच पाणी शिरत असावं.

गॅरेजवाला म्हणाला, चारही दारांचा सेट टाकू, दारांचे आतले पॅड खोलावे लागतील, दिवसभर गाडी सोडा. आकडा ऐकून मी समोर आलेला चहाही न पिता परतलो. घरी होण्यासारखं काम आहे का? पेचकस कोणत्या बाजूने धरतात ते माहीत आहे, त्यापुढे माझी पात्रता नाही. मृगाच्या आत उरकायचं आहे.

तर्रीबाज । १८ मे, रात्री १०:३२

काहून एवढं टेन्शन घेता जी. खोबरेल तेल चोळा, दोन दिवसांत पट्टी काळी कुळकुळीत. फट आहे तिथं काचेवाल्याचं सिलिकॉन भरून द्या. आमच्या मामाच्या जीपला सायकलची ट्यूब कापून लावली आहे, आठ वर्षं झाली, काही झालं नाही.

जुनापाना । १९ मे, सकाळी ६:५०

तर्रीबाज, मामांच्या जीपला काचा तरी आहेत का ते आधी पाहून या.

खामलेकर, एकेक घेऊ. नवतपा तोंडावर आला आहे, बाहेर ४५ अंश, आणि तुमचा गालिचा ओला. पाणी येईल कुठून? तुमच्या एसीतून. एसीत जमलेलं पाणी डॅशबोर्डखालून एका नळीने गाडीच्या खाली पडतं. ती नळी धुळीने तुंबली की तेच पाणी आत, बहुतेक डाव्या पायाशी उतरतं. एसी लावून पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवा आणि खाली वाकून बघा. थेंब पडत नसेल तर नळी साफ करून घ्या. पट्टीचा त्यात काही दोष नाही. तसंही तुमची डावी पट्टी चांगली आहे म्हणता, आणि गालिचाही डावाच ओला!

दुसरं, गाडी कशी लावता? माझा अंदाज, उजवी बाजू पश्चिमेला.

तिसरं जरा नीट ऐका, कारण तीस वर्षं गॅरेजात हेच गिऱ्हाइकांना समजावत आलो. ही पट्टी पाणी अडवायला बसवलेली नाही. काचेवरून ओघळणारं बरंचसं पाणी ती बाहेर वळवते, पण थोडं आत जातंच, नव्या गाडीतही जातं. दार आतून पोकळ असतं, तळाला दोन-तीन भोकं असतात, आत आलेलं पाणी तिथून निघून जातं. पट्टीचं मोठं काम धूळ पुसायचं. ओठ कडक झाला की तो धूळ पुसत नाही, धरून ठेवतो. मग प्रत्येक वेळी काच वर-खाली करता तेव्हा पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. ओरखडे त्याचेच. तेव्हा पावसासाठी नाही, काचेसाठी पट्टी बदला, आणि लवकर बदला.

दुकानात नुसतं 'काचेचं रबर द्या' म्हणू नका, तो चार वेगळ्या वस्तू समोर टाकेल. तुम्हाला हवी ती आउटर वेदरस्ट्रिप. तशीच एक आतल्या बाजूला असते ती इनर. काच जिच्यात सरकते ती मखमल लावलेली खाच म्हणजे ग्लास रन. आणि दार लावल्यावर चौफेर दबतं ते गुबगुबीत रबर म्हणजे बीडिंग. चेसिस नंबर घेऊन जा, उजवी-डावी आणि पुढची-मागची नीट सांगा.

खामलेकर । १९ मे, रात्री ९:०५

काका, तुम्हाला दंडवत! एसीखाली थेंब नव्हता. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नळीत हवा मारली, चिखलाचा गोळा बाहेर आला आणि मागोमाग लोटाभर पाणी. गालिचा उन्हात टाकला, दोन तासांत पापडासारखा वाळला.

आणि हो, उजवी बाजू पश्चिमेलाच. शेजाऱ्यांच्या भिंतीमुळे गाडी एकाच तोंडाने लावता येते. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत सगळं ऊन त्या दोन दारांवर. म्हणजे सेट घ्यायची गरजच नाही, दोनच पट्ट्या.

रबरवाला_बुटीबोरी । २० मे, दुपारी १:२०

रबराच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, म्हणून खोबरेल तेलावर थोडं.

गाडीचं दारा-खिडक्यांचं चांगलं रबर बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं. साधं नैसर्गिक रबर हवेतल्या ओझोनने तडकतं, कारण त्याच्या साखळीत दुहेरी बंध असतात आणि ओझोन नेमका तिथेच चावतो. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत ते बंध नसतात, म्हणून ते ऊन, ओझोन आणि पाणी वर्षानुवर्षं सोसतं. काळा रंगही शोभेसाठी नाही, त्यात काजळी मिसळलेली असते आणि ती अतिनील किरणांना अडवते. पण याच रबराचं तेलाशी जमत नाही. इंजिन ऑइल, ग्रीस, डिझेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, आकार सोडतं. खोबरेल तेल डिझेलइतकं वाईट नाही, पण चार दिवस चमकतं आणि मग त्यावर धूळ बसून चिकट राप तयार होतो. मऊ ओठाची पुन्हा काचपेपर पट्टी. लावायचंच तर सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून. थेट दारावर मारू नका. पुढेमागे त्या पॅनलला रंग द्यायची वेळ आली तर रंगाला खड्डे पडतात आणि पेंटर तुमच्या नावाने शंख करतो.

आखडण्याबद्दल. स्वस्त पट्ट्या पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीला मऊ ठेवायला त्यात तेलासारखा पदार्थ घालतात, तो उन्हात हळूहळू बाहेर निघतो. मग पट्टी कडक होते आणि लांबीला कमी होते. करंगळीएवढी फट पडली म्हणता ना, ती अशी पडते.

पुण्यातला_नागपूरकर । २० मे, दुपारी ३:४४

म्हणजे ओरिजिनलच घ्यायची का? मला लोकल पट्टी निम्म्याहून कमी भावात सांगून राहिले.

रबरवाला_बुटीबोरी । २० मे, संध्या. ६:१०

पुण्यात कदाचित लोकल चालून जाईल. नागपुरात नाही. आणि विकत घेताना पट्टीचा ओठ बोटाने वाकवून सोडा. झटकन जागेवर आला पाहिजे. रेंगाळत आला तर दुकानदाराला परत द्या.

गच्चीवरची । २० मे, रात्री ११:०२

मी माझ्या गाडीच्या चारही पट्ट्या गेल्या वर्षी स्वतः बदलल्या. खामलेकर दादा, तुमच्याने होईल. फक्त घाई नको.

वेळ सकाळी सहाची. दुपारी दाराच्या पत्र्याला हात लावणं म्हणजे तव्याला हात लावणं. पण नवी पट्टी मात्र आदल्या दिवशी थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवा, दुकानातून गुंडाळून आणली असेल तर सरळ होते.

काच पूर्ण खाली करा. दाराच्या रंगावर, पट्टीला लागून, मास्किंग टेपचे दोन थर द्या. हे टाळू नका. मी एका दाराला टाळलं, तिथे आज दीड इंचाची रेघ आहे आणि रोज दिसते. मग दार उघडून त्याच्या कडेला, कुलपाच्या बाजूला, पट्टीच्या टोकाशी बघा. काही गाड्यांत तिथे एक स्क्रू असतो. तो न काढता ओढलं तर पट्टी फाटते आणि स्क्रू हसत राहतो.

पट्टी खालच्या पत्र्याच्या कडेवर क्लिपांनी बसलेली असते. प्लास्टिकचं ट्रिम टूल मिळतं, नसेल तर कुल्फीची चपटी काडी किंवा फडकं गुंडाळलेला पेचकस. मागच्या टोकाकडून सुरू करून सरळ वर उचला, बाहेरच्या दिशेला ओढू नका. वीतभर उचललं की पुढे सरका. आत पत्र्याचा गाभा असतो. एकदा मोडला की तिथे कायमची लाट पडते. जुनीला पडली तर पडू द्या, नवीला पडली तर नवीन आणा.

निघाल्यावर तिथे काय साठलंय ते पाहून घाबरू नका. माझ्या दारात निंबाच्या काड्या, उदबत्तीचा तुकडा आणि एक रुपया निघाला. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन ती कड घासा, काचही आतून-बाहेरून पुसा. बोअरच्या पाण्याने गाडी धुवत असाल तर काचेवर क्षाराची पांढरी खपली असते, ती व्हिनेगरच्या फडक्याने काढा. नाहीतर नवी पट्टी पहिल्याच दिवसापासून खरबरीत काचेवर घासेल.

नवी बसवताना आरशाकडचं टोक आधी बरोबर जुळवा, मग तळहाताने सरळ खाली दाबत मागे जा. प्रत्येक क्लिपेला टक असा आवाज आला पाहिजे. हातोडी नको.

खामलेकर । २६ मे, दुपारी १२:४०

अहवाल देतो. वाचून हसा.

सकाळी सव्वासहाला सुरुवात. मागचं दार वीस मिनिटांत झालं. टक टक टक करत पट्टी बसली तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की बायकोला उठवून दाखवलं. तिने विचारलं, "एवढ्यासाठी उठवलं?"

मग पुढचं दार. पट्टीचं पुढचं टोक आरशाच्या बुडाखाली शिरलेलं, निघेना. आतून आरशापाशी त्रिकोणी प्लास्टिकचं झाकण आहे, ते ओढून काढलं. मागे तीन नट, १० नंबरचा पाना लागतो. दोन ढिले केले, तिसराही ढिलाच करायचा होता पण तो हातात आला, हातातून सुटला आणि दाराच्या पोटात गेला. टण, टण, टिंग. अजून कानात घुमतो तो आवाज.

बरं, पट्टी तर बसवून टाकली (मधूनच दाबायला सुरुवात केली म्हणून एका जागी हलकीशी लाट आली आहे, ताई, तुम्ही लिहिलं होतं, मला माहीत आहे). आरसा दोन नटांवर आहे. आणि दार लावलं की आतून खुळखुळा वाजतो. आता काय?

तर्रीबाज । २६ मे, दुपारी १२:५१

वाजू द्या. लेकराला खेळणं होईल.

जुनापाना । २६ मे, दुपारी २:१५

वाजू देऊ नका. तो नट काचेच्या यंत्रणेत गेला तर खर्च पट्टीच्या दहापट. दाराचं पॅड खोला, कठीण नाही. आतल्या हँडलच्या मागे छोट्या झाकणाखाली एक स्क्रू, दार ओढायच्या खोबणीत दुसरा. मग खालच्या कडेने बोटं घालून क्लिपा सोडवत या, शेवटी पॅड वर उचलून काढा. झटका देऊ नका, मागे काचेच्या स्विचची वायर आहे, कपलर दाबून सोडवा. आत हात घालताना किल्ली खिशात ठेवा आणि हातमोजे घाला. आतला पत्रा पात्यासारखा असतो.

गच्चीवरची । २६ मे, रात्री ८:३०

पॅड निघालं की एक पॉलिथिनची शीट दिसेल, काळ्या चिकट दोरीने चिकटवलेली. ती टराटरा फाडू नका, हात जोडून सांगते. बाहेरचं पाणी आणि तुमचा गालिचा यांच्यामध्ये खरी भिंत ती आहे.

सांगायचं कारण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी शिरलं तेव्हा आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. नंतर ज्या गॅरेजने साफ केली त्यांनी चारही शीट उपटल्या आणि परत लावताना साध्या खाकी टेपने कशाबशा चिकटवल्या. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक सरीला गालिचा ओला. मी आधी पट्ट्या बदलल्या, मग बीडिंग बदललं, तरी ओला! शेवटी पॅड खोललं तेव्हा शीट खाली गळून पडलेली. पाणी दारात उतरून भोकातून जाण्याऐवजी सरळ आत येत होतं.

तुम्ही एक कोपरा, हात जाईल एवढाच सोडवा. सकाळच्या गारव्यात ती दोरी स्वच्छ सुटते, दुपारी चिंगमसारख्या तारा निघतात. परत लावताना शीटची खालची कड दाराच्या आत गेली पाहिजे, म्हणजे त्यावरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात पडेल.

खामलेकर । २ जून, सकाळी ९:२०

नट सापडला! चुंबक बांधलेली काठी घातली आणि तिसऱ्या झटक्यात वर आला. पण खरी गंमत पुढे आहे.

नट शोधायला मोबाईलचा उजेड टाकला तर दाराच्या तळात दोन बोटं चिखल. वाळून कडक झालेला, वर निंबाचा पाला. भोकं कुठे आहेत तेही दिसेना. बाहेरून दाराखाली हात फिरवला तर तीन भोकं लागली, तिन्ही बुजलेली. आमच्या रस्त्याचं सिमेंटीकरण दीड वर्ष चाललं, त्याची सगळी धूळ माझ्याच दारात जमा झालेली दिसते. वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी असते ना, तिने भोकं मोकळी केली, तारेने नाही, रंग खरवडला की गंज धरतो म्हणून. वरून दोन तांबे पाणी ओतलं. आधी चहासारखं, मग ताकासारखं, मग साधं पाणी निघालं. मग हौस आली आणि बाकी तिन्ही दारांची भोकंही साफ केली. डाव्या मागच्या दारातून तर पावशेर माती निघाली.

काच आता आवाज न करता उतरते. लाट आलेली जागा मला दिसते, बाकी कोणाला दिसत नाही, आणि मी दाखवत नाही.

खर्च: दोन ओरिजिनल पट्ट्या, एक मास्किंग टेप, आणि घरचंच व्हिनेगर. ट्रिम टूल घेतलं नाही, कुल्फी खाल्ली.

पुण्यातला_नागपूरकर । २ जून, सकाळी ११:०५

मस्त झालं. आता विचारूनच घेतो, समोरच्या मोठ्या काचेभोवतीचं रबरही कडेने उचललं आहे. तेही असंच कुल्फीच्या काडीने काढून बदलू का?

जुनापाना । २ जून, दुपारी ४:००

अजिबात नको! आजच्या गाड्यांची समोरची काच गोंदाने चिकटवलेली असते, रबर फक्त कडेची शोभा. तिथे काडी घालून गोंदाचा थर सुटला तर पाणी आत येईल, आणि अपघातात ती काच आधाराला असते. तो माणूस बोलवा ज्याचं तेच काम आहे.

ॲम्बेसेडरच्या काळी गोष्ट वेगळी होती. काच रबराच्या खाचेतच बसायची. रबर काचेला चढवायचं, बाहेरच्या खाचेत चौफेर सुतळी घालायची, साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून काच तळहाताने दाबायची, दुसऱ्याने आत बसून सुतळी ओढत जायची. सुतळी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत पलटायचा. मी शिकाऊ होतो तेव्हा सुतळी ओढायचं काम माझं. उस्ताद बाहेरून ओरडायचे, "हळू बे, पतंग उडवून राहिला का?" २०१४ मध्ये ॲम्बेसेडर बनणं बंद झालं, आणि ती सुतळीही गेली.

तर्रीबाज । २ जून, दुपारी ४:२२

काका, रामटेकच्या गडावर माकडांना ही कला अजून येते. मागल्या महिन्यात दर्शन करून खाली आलो तर एक जण बोनेटवर बसून वायपरचं रबर सोलून राहिला होता. सुतळीबितळी काही नाही, नुसत्या हातानं.

खामलेकर । १६ जून, रात्री ९:४८

आज संध्याकाळी पहिला धो धो पाऊस झाला. वर्धा रोडवरून येताना छत्रपती चौकापाशी वीस मिनिटं अडकलो, समोरचं काही दिसत नव्हतं. घरी आल्यावर आधी चारही गालिच्यांवर हात फिरवला. कोरडे.

एवढ्यात बायको गाडीभोवती फिरून आली आणि म्हणाली, "अहो, चारही दारांतून पाणी गळून राहिलं. नवी पट्टी लावूनही?"

म्हटलं, "गळून राहिलं ना? मग बरोबर आहे."

तिचा विश्वास बसलेला नाही. काका, एकदा तुम्हीच समजावून सांगा.

तर्रीबाज । १६ जून, रात्री १०:१०

या रविवारी मामाची जीप घेऊन येऊ का खामल्याला? तर्री पोहा माझ्याकडून.

खामलेकर । १६ जून, रात्री १०:१४

या. सायकलची ट्यूब घरी काढून ठेवून या.